खुराड्याची हिवाळी सजावट: जाळीच्या अलीकडे आणि पलीकडे

हिवाळी सणांसाठी खुराडे सजवण्याची हौस अनेकांना पोरकट वाटते. कोंबड्यांना ना नाताळ कळतो ना नववर्ष, मग हा खटाटोप कोणासाठी, असा प्रश्न विचारला जातो आणि तो रास्तही आहे. तो आपल्यासाठीच असतो, आणि तसे मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही. हिवाळ्यात दिवस आखूड होतात, कोंबड्या अंडी कमी घालतात किंवा घालायच्या थांबतात, भल्या सकाळी गारठलेले पाणी बदलायला जाणे हे निव्वळ कर्तव्य होऊन बसते, आणि दाणे टाकून घाईघाईने परत फिरण्याची सवय लागते. सजावटीच्या निमित्ताने मात्र माणूस शिडी लावतो, छताच्या कडा न्याहाळतो, दाराची कडी हलवून पाहतो, आणि एरवी थंडी सरेपर्यंत लक्षात आली नसती अशी सैल जाळी किंवा कुजलेली फळी त्याच्या नजरेस पडते. एवढ्या एका कारणासाठीही मी या हौसेची बाजू घेईन.

मात्र खुराडे म्हणजे दिवाणखान्याची भिंत नव्हे. तिथे राहणारे प्राणी दिवसभर, काही खायला मिळते का एवढ्याच दृष्टीने भोवतालच्या प्रत्येक वस्तूकडे पाहत असतात. म्हणून सजावटीचा विचार करताना मी जाळी हीच सीमारेषा धरते. जाळीच्या बाहेरची बाजू आपली. तिथे आपल्या डोळ्यांना सुखावणारे पुष्कळ काही लावता येते. आतली बाजू त्यांची. तिथे जे जाईल ते एक तर खाण्याजोगे असले पाहिजे, नाही तर चोचीने हलवता, तोडता किंवा सोलता न येणारे असले पाहिजे. या दोन्हींत न बसणारी वस्तू, ती कितीही सुंदर असली तरी, खुराड्यात जाऊ नये.

कोंबडीची चोच म्हणजे तिचा हात. नवी वस्तू दिसली की ती टोचून पाहते, टोचल्यावर तुकडा निघाला तर गिळून पाहते, आणि तो चमकदार असेल तर अधिक उत्साहाने गिळते. कोंबडीच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या एकल शंकुपेशींचे चार प्रकार असतात, आपल्या डोळ्यांत तीनच. आपल्याला न दिसणाऱ्या जवळच्या अतिनील किरणांपर्यंत तिची दृष्टी पोहोचते. आपल्याला जी झिरमिळी नुसती चकचकीत वाटते ती तिला कशी दिसत असेल याची कल्पनाच केलेली बरी. गिळलेली वस्तू आधी गळ्याखालच्या अन्नपिशवीत साठते आणि मग गिझर्ड नावाच्या जाड स्नायूंच्या पोटात जाते, जिथे गिळलेल्या खड्यांच्या मदतीने दाणे दळले जातात. दाणे दळणारी हीच ताकद तारेच्या तुकड्यावर किंवा काचेच्या कपच्यांवर चालली की त्या पोटाच्या भिंतीत रुततात. दोरा, लोकर, फितीचे धागे यांचे दुखणे वेगळे असते: ते अन्नपिशवीत गवताच्या लांब काड्यांशी गुंतून त्यांचा गोळा होतो आणि खालची वाट बंद होते. पिशवी सकाळी रिकामी असायला हवी. रात्रभर उपाशी राहूनही ती भरलेली आणि घट्ट लागत असेल, तर काहीतरी अडकले आहे असे समजून पशुवैद्याला दाखवावे.

या दृष्टीने पाहिले की सणाच्या खोक्यातल्या निम्म्याअधिक वस्तू आपोआप बाद होतात. झिरमिळ्या, चमकी लावलेली कागदी फुले, काचेचे गोळे, फवाऱ्याचा कृत्रिम बर्फ, बारीक मणी यांना जाळीच्या आत जागा नाही, आणि जाळीतून चोच जिथवर पोहोचते तिथे बाहेरही नाही. जुन्या पेटाऱ्यातल्या झिरमिळ्यांबद्दल तर विशेष सावध राहावे, कारण 1970च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत शिशाच्या झिरमिळ्या विकल्या जात होत्या आणि शिसे हे पक्ष्यांसाठी अत्यंत घातक विष आहे. थर्माकोलविषयी एक गंमत सांगावीशी वाटते: कोंबड्यांना त्याचे विलक्षण वेड असते. त्यात ना चव आहे ना पोषण, तरी थर्माकोलचा हिममानव आवाक्यात आला तर त्याचा फडशा पाडायला त्या एकमेकींशी भांडतात. म्हणून पांढऱ्या गोळ्यांचे हिममानव आणि थर्माकोलची चांदणी घराच्या खिडकीतच शोभतात.

वस्तूंइतकेच लक्ष त्या कशाने लावल्या आहेत याकडे द्यावे लागते. स्टेपलच्या पिना झटपट बसतात म्हणून मोह होतो, पण लाकूड ओले-सुके होत राहिले की त्या सैल होऊन गळतात आणि पाचोळ्यात त्या शोधायला आपल्यापेक्षा कोंबड्या अधिक तरबेज असतात. त्याऐवजी स्क्रूने पक्के केलेले हूक वर्षानुवर्षे टिकतात आणि दर वर्षी नवी भोके पाडावी लागत नाहीत. प्लॅस्टिकचे केबल टाय वापरायला हरकत नाही, परंतु त्यांची कापलेली टोके खाली पडू न देता खिशात टाकावीत. जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेचे तुकडेही तसेच उचलावेत, कारण जस्त पोटात विरघळून विषबाधा करते. काम संपल्यावर दोरीला बांधलेला चुंबक जमिनीवरून फिरवला की राहिलेले धातूचे तुकडे हाती लागतात. दाराच्या कडीवर, अंडी काढण्याच्या झाकणावर आणि कुलपावर काहीही अडकवू नये. संध्याकाळी अंधारात घाईने दार लावताना फितीमुळे कडी अर्धवट बसली तर कोल्ह्याला किंवा मुंगसाला तेवढे पुरते.

आता हवेविषयी, कारण सजावटीमुळे होणारे सर्वांत मोठे नुकसान इथेच होते आणि ते दिसतही नाही. थंडीचे दिवस म्हणून खुराडे प्लॅस्टिकच्या कापडात गुंडाळावे, त्यावर भेटवस्तूसारखी मोठी लाल फीत बांधावी, ही कल्पना छायाचित्रात फार गोड दिसते. परंतु कोंबडीला थंडीचा त्रास आपण समजतो तेवढा होत नाही. तिच्या शरीराचे तापमान सुमारे 41 अंश सेल्सियस असते, पिसे फुलवून ती अंगाभोवती हवेचा थर धरून ठेवते, आणि निरोगी, पूर्ण पिसांची प्रौढ कोंबडी गोठणबिंदूच्या खालची थंडीही सहन करते. तिला सहन होत नाही तो ओलावा. रात्रभर बंद खुराड्यात श्वासातून आणि विष्ठेतून वाफ सुटत राहते. तिला बाहेर जायला वाट मिळाली नाही तर ती छताला आणि भिंतींना साचते, तुऱ्यावर आणि चोचीखाली लोंबणाऱ्या लाल पाळ्यांवर बसते, आणि मग हिमदंश होऊन तुऱ्याची टोके काळी पडतात. लेगहॉर्नसारख्या उंच, एकेरी तुऱ्याच्या जातींना हा धोका अधिक, तर तुरा डोक्यालगत बसलेल्या वायनडॉट किंवा ब्रह्मा जातींना कमी असतो. विष्ठेतून निघणारा अमोनियाही बंद जागेत साचतो. 25 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 25 भागांच्या) पुढे गेलेला अमोनिया पक्ष्यांचे डोळे आणि श्वसनमार्ग बिघडवतो. सकाळी दार उघडताच आपल्या नाकाला झोंबले, तर तिथे रात्र काढलेल्या पक्ष्यांना किती त्रास झाला असेल हे वेगळे सांगायला नको.

त्यामुळे हवेचे झरोके, विशेषतः बसण्याच्या दांडीच्या वर, छताजवळ असलेले, पूर्ण मोकळे राहिले पाहिजेत. डहाळ्यांचे गोल कडे टांगायला नेमकी तीच जागा मध्यभागी आणि शोभिवंत दिसते, हे खरे. तरीही ते थोडे खाली, भरीव फळीवर टांगावे. छताच्या कडेने दाट पानांची माळ लावायची असेल तर ती झरोक्याच्या खालच्या बाजूने न्यावी, कारण वरून नेलेली माळ बर्फ किंवा दव धरून जड झाली की ओघळून झरोक्याच्या तोंडावरच येते. वारा अडवायचाच असेल तर तो मोकळ्या फिरण्याच्या जागेत, कोंबड्यांच्या उंचीपर्यंत अडवावा आणि वरचा भाग उघडा ठेवावा.

दिव्यांच्या माळांबद्दल मी अधिक कडक आहे. सणाची खरी शोभा दिव्यांनीच येते आणि मलाही त्या आवडतात, पण कोंबडीसाठी प्रकाश हा तिच्या शरीराचे वेळापत्रक ठरवणारा इशारा असतो. तो तिला डोळ्यांतूनच मिळतो असे नाही. कवटीतून आत झिरपणारा प्रकाश मेंदूतल्या प्रकाशसंवेदी पेशींपर्यंत थेट पोहोचतो, आणि लाल रंगाकडचा प्रकाश हाडांतून आणि त्वचेतून अधिक सहज पार होतो. दिवस सुमारे 14 ते 16 तासांचा झाला की तिचे शरीर भरपूर अंडी घालण्याच्या तयारीला लागते आणि तो आखूड झाला की विश्रांतीकडे वळते. खुराड्याच्या आत उजेड टाकणारी माळ काही दिवस उशिरापर्यंत लावली, मधेच पाहुणे नाहीत म्हणून बंद ठेवली आणि नववर्षानंतर एकदम काढून टाकली, तर आपण नकळत तिचा दिवस लांबवून पुन्हा अचानक आखूड केलेला असतो. अशा अचानक घटीने अंडी थांबू शकतात आणि कधी भर थंडीत पिसे गळायला लागतात, जेव्हा तिला त्यांची सर्वाधिक गरज असते. हिवाळ्यात अंडी मिळावीत म्हणून मुद्दाम जादा प्रकाश देणे हा वेगळा निर्णय आहे. तो द्यायचाच झाला तर साधा मंद दिवा टायमरवर लावून पहाटेच्या बाजूने आणि रोज ठरावीक वेळी द्यावा. सजावटीच्या माळेकडून ते काम करून घेऊ नये.

संध्याकाळऐवजी पहाट का, यालाही कारण आहे. कोंबडीला अंधारात जवळजवळ काहीच दिसत नाही. संध्याकाळी उजेड हळूहळू मावळतो तेव्हा ती आपली जागा शोधून दांडीवर चढते; कृत्रिम दिवा मात्र एका क्षणात विझतो, आणि त्या वेळी जी जमिनीवर असेल ती तिथेच, गारठ्यात, रात्रभर बसून राहते. लुकलुकणाऱ्या माळा तर मला अगदीच नकोशा वाटतात. पक्ष्यांच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त वेगाची उघडझाप जाणवते, त्यामुळे आपल्याला स्थिर भासणारी हलक्या प्रतीची एलईडी माळही त्यांना फडफडती दिसू शकते. मुद्दाम लुकलुकणारी माळ दांडीसमोर लावणे म्हणजे त्यांना झोपू न देणे होय.

म्हणून माझ्याकडे माळ असते ती फक्त छताच्या बाहेरच्या कडेला, पिवळसर, स्थिर आणि घराकडे तोंड करून. ती आत किती झिरपते हे पाहण्याची एक सोपी रीत आहे: अंधार पडल्यावर, कोंबड्यांचे आत जाण्याचे छोटे दार लावण्याआधी, मोबाइल दांडीच्या उंचीवर टेकवून, माळ चालू ठेवून थोडे चित्रण करावे. चित्रणात भिंतीवर उजेडाचे पट्टे दिसले तर माळ सरकवावी किंवा त्या बाजूला फळी आडवी लावावी. रात्री किमान सहा ते आठ तास पूर्ण अंधार मिळालाच पाहिजे, हे धरून टायमर लावला की आपल्याला झोपताना आठवण ठेवावी लागत नाही.

विजेचा धोका वेगळा. खुराडे म्हणजे कोरडा भुसा, पेंढा, पिसांचा कोंडा आणि कोपऱ्यांतली जळमटे. एक ठिणगी पुरते. जुन्या धाटणीचे तापणारे छोटे बल्ब इथे वापरूच नयेत. कमी व्होल्टच्या एलईडी माळा, सौर माळा किंवा बॅटरीवर चालणाऱ्या माळा बऱ्या; बॅटरीची डबी मात्र स्क्रूने बंद होणारी आणि चोचीच्या आवाक्याबाहेर असावी, कारण बटणासारखा सेल गिळला गेला तर तो आतून जाळतो. मुख्य वीजजोडणीवरून माळ घ्यायची असेल तर ती बाहेर वापरण्यासाठी बनवलेली, किमान आयपी 44 दर्जाची, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारी असावी, जोडण्या जमिनीपासून उंच आणि पावसाच्या आडोशाला असाव्यात, आणि मागे 30 मिलिअँपिअरवर वीज तोडणारे सुरक्षा-यंत्र असावे. खुराड्याभोवती सांडलेले दाणे असतात म्हणून उंदीर असतात, आणि उंदीर असतात म्हणून वायर कुरतडल्या जातात. वायर नळीतून नेणे हा त्यावरचा उपाय. सजावट आणि 250 वॉटचा उष्णता देणारा लाल दिवा हे दोन्ही एका खुराड्यात कधीही नकोत. असा दिवा हुकावरून निसटून गादीवर पडल्याने खुराडी जळतात, हे कुक्कुटपालकांना चांगले ठाऊक आहे, आणि निरोगी प्रौढ कोंबड्यांना तो बहुधा लागतही नाही.

आता आनंदाचा भाग, म्हणजे हिरव्या डहाळ्या. पाइन, स्प्रूस, फर या सूचिपर्णी झाडांच्या ताज्या फांद्या खुराड्याला जशी शोभा आणतात तशी दुसरी कोणतीच वस्तू आणत नाही, आणि त्यांची पाने एखादीने टोचून पाहिली तरी सहसा बिघडत नाही. डहाळ्या वेलीच्या किंवा वाकवलेल्या फांदीच्या कड्याभोवती सुतळीऐवजी लवचिक वेलीनेच बांधल्या तर दोऱ्याचा प्रश्नही मिटतो. त्यांत रोजमेरी, पुदिना, ओवा-थाइमसारख्या सुगंधी वनस्पतींच्या काड्या खोचाव्यात. कोंबड्या त्या खुडून खातात आणि कडे हळूहळू उघडे पडत जाते, जे मला मूळ कड्यापेक्षाही अधिक आवडते.

मात्र सणाची म्हणून ओळखली जाणारी प्रत्येक वनस्पती निर्धोक नाही. सर्वांत घातक यू नावाचे झाड, ज्याच्या डहाळ्या फरसारख्याच दिसतात. त्याच्या लाल गरापलीकडे पाने, साल, बिया या सर्वांत टॅक्सीन हे हृदय बंद पाडणारे विष असते. झाड ओळखता येत नसेल तर त्याची डहाळी आणू नये. हॉलीची लाल फळे, मिसलटो आणि आयव्ही यांनीही पोट बिघडते, म्हणून त्यांना जाळीपासून दूर ठेवावे. कण्हेर आणि ऱ्होडोडेंड्रॉन यांच्या पानांचा तर विचारही नको. पॉइन्सेटियाची मात्र उगाच बदनामी झाली आहे. तिचा चीक तोंडाला आणि पोटाला चुरचुरतो, पण ती प्राणघातक असल्याची समजूत अतिशयोक्त आहे. तरी ती खुराड्यात लावण्याचे काही कारण मला दिसत नाही. विकत आणलेल्या कड्यांवर कृत्रिम बर्फ, रंग किंवा आग न लागण्यासाठी रसायन मारलेले असू शकते, आणि आतून त्यांना तारेचा सांगाडा असतो. अशी कडी घराच्या दारावरच राहू द्यावीत.

जाळीच्या आतली सजावट खाण्याची असावी, हे वर म्हटलेच आहे. थंडीत जमीन कडक होते किंवा चिखलाने भरते, उकरायला काही मिळत नाही, दिवसभर बंदिस्त राहून कोंबड्या कंटाळतात आणि तो कंटाळा एकमेकींची पिसे उपटण्यात निघतो. म्हणून कोबीचा अख्खा गड्डा भक्कम दोरीने किंवा साखळीने त्यांच्या मानेच्या उंचीवर टांगावा. तो टोचला की झुलतो, झुलला की पुन्हा टोचावासा वाटतो, आणि एक दुपार सहज निघून जाते. सूर्यफुलाचे वाळलेले तबक, मक्याची कणसे, भोपळ्याची अर्धी फोड, बीट, हिरव्या भाज्यांच्या जुड्या यांनी रंगही भरतो. साध्या, मीठ-तूप न लावलेल्या लाह्यांची माळ करता येते, पण ती दोऱ्यात न ओवता बोथट टोकाच्या जाड सळईत किंवा भाजी ठेवण्याच्या जाळीदार टोपलीत ठेवावी. दोऱ्यातली माळ संपल्यावर दोरा उरतो, आणि तो फार काळ उरत नाही. कच्चे वाळलेले राजम्यासारखे कडधान्य, अ‍ॅव्होकाडोची साल आणि बी, चॉकलेट आणि खारवलेले पदार्थ यांपैकी काहीही शोभेसाठीसुद्धा आत नेऊ नये.

प्रमाण मात्र सांभाळावे लागते. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण 110 ते 120 ग्रॅम खाद्य खाते आणि खाऊचा वाटा त्याच्या दहाव्या हिश्शापुढे जाऊ नये असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, म्हणजे दाण्यांच्या रूपात एका कोंबडीला जेमतेम एक मोठा चमचा. पाणीदार पाला त्याहून थोडा अधिक चालतो, पण मका आणि सूर्यफुलाच्या बिया यांनी पोट भरले की समतोल खाद्यातली प्रथिने आणि कॅल्शियम राहून जातात. दाण्यांचा खाऊ द्यायचाच तर दुपार कलताना द्यावा. भरल्या पोटी दांडीवर गेलेल्या कोंबडीला रात्रभर पचनातून ऊब मिळत राहते. टांगलेल्या वस्तू एकाच ठिकाणी न ठेवता दोन-तीन जागी, एकमेकींपासून अंतरावर ठेवाव्यात. प्रत्येक थव्यात मानाची उतरंड असते आणि एकच कोबी असेल तर वरच्या मानाच्या दोघी तो अडवून बसतात. खालच्या मानाची कोंबडी दुरून बघत राहते.

बिया आणि दाणे बाहेरच्या बाजूला टांगण्याची एक पद्धत आहे, जी मी टाळते. त्याने चिमण्या, कबुतरे येतात, दृश्य रम्य होते, पण थंडीच्या काळातच स्थलांतरित पाणपक्षी बर्ड फ्लूचा विषाणू सोबत आणतात आणि थंड, ओलसर जागेत तो अधिक काळ तग धरतो. रानपक्ष्यांची विष्ठा खुराड्याच्या छतावरून आत ठिबकावी असे काहीही आपण लावू नये. खाण्याची सजावट छप्पर असलेल्या जागेत, जाळीच्या आतच असावी, आणि दुसऱ्याच्या खुराड्यावर वापरलेले कडे किंवा टोपल्या आणल्या असतील तर धुऊन, जंतुनाशक लावून, उन्हात वाळवून मगच वापराव्यात.

कोंबड्या नव्या वस्तूला बिचकतात, हेही ध्यानात ठेवावे. एका दुपारी सगळे खुराडे बदलून टाकले तर काही कोंबड्या संध्याकाळी आत जायलाच तयार होत नाहीत. एक वस्तू लावावी, दोन दिवस जाऊ द्यावेत, मग दुसरी. हवा भरून फुगवलेले उंच पुतळे, डोक्यावर फडफडणारे मोठे झेंडे यांचा मात्र सरावही होत नाही. वरून काही हलले की ससाणा आला अशीच त्यांची धारणा असते आणि कोंबडा इशारा देत राहतो. आरसे कोंबड्यांना रंजक वाटतात, पण थव्यात कोंबडा असेल तर तो प्रतिबिंबाशी लढायला उभा राहतो, म्हणून आरसा टाळलेलाच बरा.

कोंबड्यांना लोकरी अंगरखे आणि लाल टोप्या घालण्याबद्दल माझे मत थोडक्यात सांगते: घालू नयेत. अंगरख्याखाली पिसे फुलवता येत नाहीत, म्हणजे ज्या उबेसाठी तो घातला तीच जाते. भिजला तर तो अंगाला गार चिकटून बसतो, धूळस्नान आणि चोचीने पिसे साफ करणे थांबते, आणि पिसांतल्या उवा व किड्यांना आयताच निवारा मिळतो. छायाचित्रासाठी दोन मिनिटे टोपी ठेवण्याइतपत शांत कोंबडी असते, परंतु तिची शांतता पुष्कळदा घाबरून गोठल्याची असते.

रंगकाम करायचे असेल तर ते थंडी सुरू होण्यापूर्वी उरकावे. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते आणि शरीरभर हवेच्या पिशव्या असतात. या कार्यक्षम रचनेमुळेच हवेतला अपाय त्यांना आपल्याआधी होतो. पाण्यात मिसळणारा रंगही पूर्ण सुकून वास गेल्याशिवाय त्यांना आत नेऊ नये. सुगंधी मेणबत्त्या आणि फवारे इथे नकोत. पीटीएफईचा (न चिकटणाऱ्या तव्यांवर असतो त्या टेफ्लॉनचा) लेप दिलेले बल्ब तापल्यावर सुटणाऱ्या वायूने कोंबड्या दगावल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत, तेव्हा दिवा विकत घेताना खोक्यावरचा मजकूर वाचावा.

सण सरल्यावर घरातले नाताळचे झाड उरते आणि त्याचा सर्वांत चांगला उपयोग इथेच होतो. त्यावरची प्रत्येक तार, हूक आणि झिरमिळी काढून, ते घरात ज्या पाण्यात उभे होते त्यात रसायन घातलेले नव्हते याची खात्री करून, ते फिरण्याच्या जागेत आडवे टाकावे. त्याच्या आडोशाला वारा लागत नाही, खालच्या मानाच्या कोंबडीला लपायला जागा मिळते, आणि फांद्यांखालच्या कोरड्या मातीत त्या धूळस्नानाचा खड्डा करतात. बाहेरची कडी आणि माळा मात्र लगेच उतरवाव्यात. कापडी फिती धुवाव्यात किंवा टाकून द्याव्यात, कारण रात्री कोंबडीचे रक्त शोषणारे लाल किडे दिवसा अशाच घड्यांत आणि फळ्यांच्या फटींत दडून राहतात. माळ काढताना हूक तसेच ठेवावेत, फटीत राखाडी कोंड्यासारखे काही दिसते का ते टॉर्च लावून पाहावे, आणि दिसले तर खुराडे त्याच दिवशी रिकामे करून धुवायला घ्यावे.